दप्तर कुणाच्या हातात? डेटा गव्हर्नन्समागची शंभर वर्षे

राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली करवीर संस्थानातली कुलकर्णी वतने रद्द केली. या निर्णयाकडे आपण सामाजिक न्यायाच्या अंगाने बघतो, ते बरोबरच आहे. पण त्यात नोंदींच्या कारभाराचाही प्रश्न होता. गावच्या जमिनीचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात, तेही मोडी लिपीत. शेत कसणारा एक आणि नोंदीचा धनी दुसराच. वतन गेले, पगारी तलाठी आले. लेखणी मात्र एकाच्याच हातात राहिली.

डेटा गव्हर्नन्स म्हणजे हाच प्रश्न: नोंद कोणी ठेवायची, कोणी तपासायची आणि चुकली तर जबाबदार कोण. कंपन्यांमध्ये हा विषय बराच उशिरा आला. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर 2002 मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा झाला आणि ताळेबंदातल्या आकड्यांसाठी वरिष्ठांना सही करून जबाबदारी घ्यावी लागली. 2008 च्या मंदीत मोठमोठ्या बँकांना आपली नेमकी किती रक्कम कुठे अडकली आहे, हे वेळेत सांगता येईना. म्हणून बासेल समितीने, म्हणजे बँकांच्या देखरेखीसाठीच्या आंतरराष्ट्रीय समितीने, 2013 मध्ये डेटाविषयीची तत्त्वे घालून दिली. यावर बहुतेकांनी काढलेला तोडगा एकच: मध्यवर्ती समिती, नियमांची जाडजूड फाइल आणि सगळा भार आयटी विभागावर. माझ्या मते ही नवी वतनदारीच होती. डेटा जिथे तयार होतो त्याच विभागाने तो सांभाळावा, हा विचार ‘डेटा मेश’ या नावाने 2019 नंतर जोर धरू लागला.

कोल्हापूरच्या साखर कारखान्यांत हे रोज दिसते. चिटबॉय, म्हणजे ऊस नोंदणारा कारखान्याचा कर्मचारी, शिवारात जाऊन लागणीची नोंद घेतो: नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. त्यावर तोडणीचा कार्यक्रम ठरतो. पुढे काट्यावर वजन, मग अकाउंटला बिल. आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत द्यायची. आता सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब’, ऊस नोंदीत ‘बाळासो’ आणि बँकेत ‘बाळू’ असेल तर बिल अडकते. शेती विभाग म्हणतो, कॉम्प्युटरवाल्यांना विचारा. कॉम्प्युटरवाले म्हणतात, आलं तसं आम्ही टाकलं. आणि बाळासो दोन्ही टेबलांमध्ये हेलपाटे घालतो. चूक शिवारात झाली असेल तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार आणि जबाबदारीही शिवारातल्या माणसाकडे हवी. सॉफ्टवेअर कितीही महागाचे घेतले तरी हे त्यात येत नाही.

सरकारी बाजूने एक पाऊल पडले ते ई-पीक पाहणीचे. ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करू लागला आणि तलाठ्याकडे पडताळणी आली. नेटवर्कच्या तक्रारी आहेत, ते सोडा. पण लिहिणारा आणि तपासणारा वेगळा झाला, हा बदल मोठा आहे.

आता कायद्याचा रेटा आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. दंड 250 कोटींपर्यंत. स्वतःची चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क यात आहे आणि उत्तरदायी आहे ती संस्था, तिचा कॉम्प्युटर विभाग नव्हे. सभासदांचे आधार आणि बँक खाती चिटबॉयच्या मोबाइलपासून अकाउंटच्या कपाटापर्यंत विखुरलेली असताना एकट्या विभागाला हे पेलणार कसे? मुख्य तरतुदी नियमांनंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणजे मे 2027 मध्ये. कारखान्यांच्या भाषेत, 2026-27 चा गळीत हंगाम हा तयारीचा शेवटचा हंगाम.