मामा तलाव

मामा तलाव, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा सरकारला भरणारा जमीनदार), हे पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि काही अंशी नागपूर जिल्ह्यांतले गावतलाव आहेत. त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. मातीची पाळ घालून अडवलेले हे उथळ, गोड्या पाण्याचे साठे धानाच्या सिंचनासाठी बांधले गेले. शतकांच्या वापरात प्रत्येक तलावाभोवती पाणवनस्पती, मासे, गोगलगाई, पक्षी, गुरे आणि माणसे यांची एक वसाहत उभी राहिली. सरकारी दफ्तरात या तलावांची नोंद सिंचनक्षमतेच्या हेक्टरांत होते. त्यांच्यातील जीवसृष्टीला त्या नोंदीत रकाना नाही, आणि गेल्या काही दशकांत तलावांचे जे नुकसान झाले त्याचे मूळ बरेचसे इथेच आहे.

झाडीपट्टीच्या या मुलखात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांतच. धानाला पाण्याची खरी निकड लागते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, लोंबीत दाणा भरताना, आणि नेमका तेव्हाच पाऊस दगा देतो. टेकड्यांच्या पायथ्याशी, जिथे दोन उतार जवळ येतात तिथे पाळ घालून कोहळी समाजाने यावर तोड काढली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी कोहळ्यांना बनारसकडून आणले, असे परंपरा सांगते. तलाव बांधणाऱ्याला जमीन किंवा गाव बहाल करण्याची पद्धत चांदा भागात होती. अशा गावांना तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर शहराच्या एका भागाचे नाव आजही तुकूम आहे. नवेगावबांधचा मोठा जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. सात बहिणी नावाच्या टेकड्यांनी त्यांना मदत केली अशी कथा आहे. पुढे कोलू पाटलांना देवत्व मिळाले आणि कोलासुर म्हणून त्यांचे ठाणे तलावाजवळ पुजले जाऊ लागले.

पाळीतून पाणी सोडण्यासाठी तुडुम असते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून बाहेर पडते आणि पुष्कळदा खालच्या तलावात किंवा बोडीत जाते. बोडी म्हणजे शेतातला छोटा तलाव. त्यामुळे एका ओढ्यावर वरपासून खालपर्यंत तलावांची माळच तयार होते. पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, केव्हा द्यायचे हे गावाने नेमलेला पाणकर ठरवी.

ब्रिटिश अमदानीत या तलावांची मालकी मालगुजारांकडे होती. मध्य प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाल्यावर १९५० साली मालकी हक्क रद्द करणारा कायदा झाला. पुढच्या वर्षी तो अमलात आला आणि तलाव सरकारजमा झाले. आज मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे, छोटे जिल्हा परिषदेकडे आहेत. मासेमारीचे ठेके ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना मिळतात. मालगुजारी संपली हे न्याय्यच झाले. तिच्यासोबत पाळीची डागडुजी, तुडुमाची राखण आणि पाणीवाटपाची गावातली व्यवस्थाही मोडली, आणि तिची जागा घेणारे काही उभे राहिले नाही, हा भाग मात्र दुःखाचा आहे.

तलावाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. उन्हाळ्यात आटलेल्या पात्रात गुरे चरलेली असतात, त्यांचे शेण मातीत मिसळलेले असते. भेगाळलेल्या चिखलात पाणवनस्पतींचे बी आणि कंद, सूक्ष्म प्राण्यांची टिकाऊ अंडी आणि कवचाचे दार घट्ट लावून बसलेल्या मोठ्या गोगलगाई पावसाची वाट पाहत असतात. पहिल्या दमदार पावसानंतर काही दिवसांतच हे सगळे जागे होते. त्याच वेळी गावरान मासे प्रवाहाच्या उलट दिशेने सांडवा चढतात, ओढ्यांत आणि बांध्यांत शिरतात आणि तिथल्या उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात. भरपूर सूक्ष्म अन्न आणि मोठ्या शिकारी माशांचा कमी वावर असलेली धानाची बांधी पिल्लांना वाढायला फार सोयीची पडते. पाणी ओसरू लागले की वाढलेली पिल्ले तलावात परततात. म्हणून तलावाची सीमा पाळीपाशी संपते असे समजणे चूक आहे. वरचे झुडपी रान, ओढा, तलाव आणि खालची बांधी मिळून एकच अधिवास होतो.

हिवाळ्यात पाणी हळूहळू मागे सरकते आणि रोज थोडी नवी ओली जमीन उघडी पडते. तिच्यावर करकोचे, तुतवार, टिटव्या चरतात, आणि काही ठिकाणी माणसे गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. हे चढणे-उतरणेच तलावाची उत्पादकता टिकवते. बाराही महिने पाणी एकाच पातळीवर राखले तर काठावरच्या कित्येक वनस्पतींचे बी रुजतच नाही.

उथळपणा हा या तलावांचा सर्वांत महत्त्वाचा गुण. ऊन तळापर्यंत पोहोचते, त्यामुळे तळालाही झाडोरा वाढतो. काठाच्या ओलीत लव्हाळे आणि देवधान म्हणजे रानटी भात, थोड्या खोलीवर कमळ, कुमुद आणि शिंगाडा, आणि पूर्ण पाण्याखाली हायड्रिला, सिरॅटोफायलम, व्हॅलिस्नेरिया अशा बुडीत वनस्पती असा क्रम उतारानुसार लागतो. बुडीत वनस्पती तळाचा गाळ धरून ठेवतात, पाण्यातली पोषकद्रव्ये शोषतात, आणि सूक्ष्म शैवाल खाणाऱ्या पाणपिसवांना लपायला जागा देतात. पाणी नितळ राहते, म्हणून ऊन तळाशी जाते, आणि ऊन जाते म्हणून झाडोरा टिकतो.

हे चक्र उलटेही फिरते. झाडोरा गेला की गाळ ढवळतो, मोकळी पोषकद्रव्ये सूक्ष्म शैवाल उचलते, पाणी हिरवट आणि गढूळ होते, आणि मग बुडीत वनस्पतींना पुन्हा मूळ धरणे कठीण जाते. उथळ तलावांच्या शास्त्रात या दोन्ही पर्यायी स्थिर अवस्था मानल्या जातात. एका अवस्थेतून दुसरीत घसरायला एखादे वर्ष पुरते, परत यायला मात्र माणसाला कष्ट करावे लागतात. शैवालाने भरलेल्या तलावात दिवसा प्राणवायू भरपूर असतो, पण रात्री सगळेच श्वसन करतात आणि पहाटेपूर्वी तो अगदी कमी होतो. उजाडताना मासे पृष्ठभागावर तोंड काढून गिळू लागले की ढिवर तलावाची प्रकृती ओळखतात.

मरळ, मागूर, शिंगी या माशांना अशा कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरता येतो, कारण त्यांना हवेतून थेट श्वास घेता येतो. त्यांतील मरळाचे प्रजनन पाहिले की झाडोऱ्याची किंमत कळते. पावसाळ्यात नर-मादी काठच्या उथळ पाण्यात गवताचे देठ बाजूला सारून वाटोळी मोकळी जागा करतात. तिथे सोडलेली पिवळसर अंडी पाण्यावर तरंगत राहतात आणि जोडी त्यांची राखण करते. नारिंगी-तांबूस पिल्लांचा थवा गोळा होऊन पृष्ठभागाशी फिरतो, श्वासासाठी वर येतो, आणि पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखी थरथर उठते. त्या थव्याखाली पालक मरळ असतेच. थवा पाहून तिला मारणे सोपे, पण ती गेली की संपूर्ण वेत इतर माशांच्या आणि पक्ष्यांच्या पोटात जातो. काठाचे गवत नाहीसे झालेल्या तलावात मरळीला ही जागाच मिळत नाही.

१९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यानंतर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज देशभर उपलब्ध झाले. हे मूळचे वाहत्या नद्यांचे मासे, साचल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे मामा तलावांत त्यांचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. सोबत सायप्रिनस आणि गवत्या हे परदेशी मासेही आले. गवत्या बुडीत वनस्पती फस्त करतो, तर सायप्रिनस तळाचा चिखल उकरून अन्न शोधतो आणि पाणी गढूळ करतो. वर सांगितलेले चक्र उलटे फिरवायला ही जोडी पुरेशी आहे. विक्रीसाठी मोठा मासा हवा, ही संस्थांची गरज खरी आहे. पण गावरान लहान मासा ढिवरांच्या घरी रोजच्या ताटात असे आणि त्याला बीज विकत घ्यावे लागत नसे, ही बाब उत्पादनाच्या हिशेबात धरली गेली नाही.

दुसरे संकट बेशरमचे. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेले हे गुलाबी-जांभळ्या फुलांचे झुडूप पाण्यातही उभे राहते आणि कोरड्यातही. गुरे ते खात नाहीत. तोडून टाकलेल्या फांदीला ओलीत पुन्हा मुळे फुटतात, त्यामुळे नुसते कापून ते संपत नाही. ते नेमका काठाचा उथळ पट्टा व्यापते. तिथले लव्हाळे आणि देवधान मरते, गाळ साचतो, आणि जाळे टाकायला जागा उरत नाही. गावांलगतच्या तलावांत सांडपाण्यासोबत जलपर्णीही पसरते.

पक्ष्यांपैकी मुग्धबलाक मोठ्या गोगलगाईंवर जगतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो आणि अंडी उबवण्याचे काम नराकडे असते. हिवाळ्यात पट्टकादंब, तलवार बदक असे पाहुणे उतरतात. या सर्वांत जास्त काळजी वाटावी असा पक्षी सारस. महाराष्ट्रात त्याची उरलेली संख्या मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या भागात आहे, आणि ती अगदी थोडी आहे. सारसाची जोडी धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला गवत-काड्यांचा मोठा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालते. लव्हाळ्यांचे कंद, गोगलगाई, बेडूक आणि सांडलेले धान हे तिचे खाणे. म्हणजे तिला तलाव आणि शेत दोन्ही जिवंत लागतात. कीटकनाशके आणि शेतांवरून जाणाऱ्या वीजतारा तिच्या जिवावर उठतात. घरट्याभोवतीचे धान न कापता राखणारे शेतकरी या भागात आहेत, म्हणून तरी ती टिकून आहे.

पुनरुज्जीवनाचा एक चांगला प्रयोग भंडारा-गोंदियातील ढिवर संस्था आणि स्थानिक अभ्यासक यांनी मिळून केला. उन्हाळ्यात पात्र कोरडे असताना बेशरम मुळासकट उपटायचे, तळ नांगरायचा, आणि पावसाळ्यात कोणती वनस्पती किती खोलीवर वाढते हे पाहून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, लव्हाळे अशा देशी वनस्पती ओळीने लावायच्या, अशी त्यांची रीत. यात ढिवर स्त्रियांनी मोठे काम केले. झाडोरा परतला तशा गावरान माशांच्या जाती आणि पक्षीही परतले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते याची माहिती पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांकडे होती, आणि त्यांना कोणी विचारले तेव्हा ती उपयोगी पडली.

सरकारी दुरुस्तीत भर असतो तो गाळ काढण्यावर. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. साठवण वाढवण्यासाठी गाळ काढणे गरजेचे आहे आणि तो शेताला उपयोगीही पडतो. मात्र यंत्राने तळ सरसकट खरवडला तर बी, कंद आणि निद्रिस्त गोगलगाई असलेला वरचा थरही ट्रॉलीतून निघून जातो. काठ उभा कापला की वनस्पतींची उतरण संपते, खड्ड्यांत पाणी साठते पण काठावर काहीच उगवत नाही. खोली मधल्या भागात वाढवावी, काठाचा मंद उतार राखावा, वरचा थर बाजूला काढून परत पसरावा आणि एकाच वर्षी सारा तलाव उकरू नये, एवढ्या अटी अंदाजपत्रकात घातल्या तर यंत्राचा खर्च फारसा वाढत नाही.