आंबलेली सिगार आणि मुरलेली सिगार

इडलीचे पीठ आंबते आणि लोणचे मुरते. लोणचे आंबले असे म्हटले तर ते बिघडले असाच अर्थ होतो. दोन्ही गोष्टी वेळ घेतात, दोन्हींमुळे चव बदलते, तरीही मराठी माणूस ही दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरत नाही. क्युबाच्या सिगारविषयी बोलताना मात्र हा भेद पुसला जातो. ‘जुनी आहे, म्हणून मऊ लागते’ किंवा ‘अजून कच्ची आहे, ठेवून द्या’ असे सहज म्हटले जाते. त्या मऊपणामागे किंवा कच्चेपणामागे कारखान्यापूर्वीची आंबवण आहे की पेटीतील मुरणे आहे, याचा विचार क्वचितच होतो. एकाच नावाच्या दोन पेट्यांची चव वेगळी का लागते, याचे उत्तर बहुधा या भेदातच असते.

उदाहरणासाठी मी माझी आवडती सिगार घेतो: पार्तागास सेरी डी नंबर ४. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी जेमतेम २० मिलिमीटर. ज्या पार्तागास घराण्याच्या नावाने ती विकली जाते, त्याची हवानातील स्थापना १८४५ची. मिऱ्यासारखा तिखटपणा, ओल्या मातीचा आणि कातड्याचा गंध, मागे रेंगाळणारी भाजलेल्या कॉफीची कडवट गोडी ही तिची ओळख. ती अंगाने जोरकस असल्यामुळे तिच्यातील फेरफार लपत नाहीत.

प्रथम आंबवण. क्युबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो हा तंबाखूचा प्रदेश आहे, आणि त्यातील सान लुईस व सान हुआन ई मार्तीनेस येथील पान विशेष मानले जाते. तोडलेली पाने काठ्यांवर टांगून कोठारात सुमारे पन्नास दिवस सुकवली जातात. हिरवे पान तपकिरी होते ते या काळात, पण अजून ते ओढण्याजोगे नसते. त्यानंतर पानांचे ढीग रचले जातात. ओल्या गवताची गंजी आतून कशी तापते हे ज्याने पाहिले आहे, त्याला पुढचे वेगळे सांगावे लागणार नाही. ढिगाचे स्वतःचे वजन आणि पानांतील ओलावा यांमुळे आत उष्णता निर्माण होते, पानांतील प्रथिने तुटू लागतात, अमोनिया बाहेर पडतो, निकोटीन काही अंशी घटते आणि रंग एकसारखा होत जातो. पहिल्या आंबवणीत, जी साधारण महिनाभर चालते, ढिगाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास रोखतात. नंतर पाने निवडून व त्यांच्या शिरा काढून दुसरी, अधिक लांबलेली आणि अधिक तापलेली आंबवण होते. तीत पारा ४२ अंशांच्या वर जाऊ लागला की ढीग मोडून, पाने हवेशीर करून, तो पुन्हा रचतात. कोहीबा या नाममुद्रेसाठी सेको आणि लिखेरो या दोन प्रकारच्या पानांना पिंपांत तिसरी आंबवण दिली जाते, आणि तिच्या गुळगुळीत चवीचे श्रेय बरेचसे तिकडे जाते. तेव्हा कोहीबा मऊ लागली म्हणून ती जुनी असेलच असे नाही.

मुरणे याहून अगदी वेगळे आहे. त्यात ढीग तापत नाही, कोणी तो मोडून रचत नाही. आंबवून झालेले पान गासडीत बांधून गोदामात ठेवतात आणि काळाला काम करू देतात. रोपाच्या तळाचे, सहज जळणारे वोलादो पान त्यातल्या त्यात लवकर तयार होते, मधले सुगंधी सेको त्यानंतर, आणि शेंड्याजवळचे, सर्वांत जास्त ऊन खाल्लेले, जाड व तेलकट लिखेरो किमान दोन वर्षे थांबते. सेरी डी नंबर ४ चा जोर ज्या पानामुळे आहे, तेच हे सर्वांत सावकाश मुरणारे पान.

येथे आणखी एक पोटभेद लक्षात ठेवावा लागतो, कारण सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो. वळण्यापूर्वी पान मुरते ते एक, आणि वळलेली सिगार पेटीत मुरते ते दुसरे. क्युबाच्या हाबानोस कंपनीने हे दोन्ही वेगवेगळे विकून दाखवले आहे. २००५ मध्ये आलेल्या सेरी डी नंबर ४ रेसेर्व्हासाठी २००० सालच्या पिकाची पाने किमान तीन वर्षे मुरवून मग वळण्यात आली. याउलट २०१५ पासून आलेल्या ‘आन्येहादोस’ मालिकेत नेहमीप्रमाणे वळलेल्या सिगार क्युबातच पाच वर्षांहून अधिक काळ पेटीत ठेवून मग बाजारात आणल्या गेल्या. पहिल्या प्रकारात प्रत्येक पान आपापले पिकते. दुसऱ्यात निरनिराळी पाने एकमेकांना चिकटून, एकमेकांचे तेल व गंध घेत एकजीव होतात, आणि त्यात पेटीच्या लाकडाचाही वाटा असतो. या लाकडाला ‘सीडर’ म्हणतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे देवदार येतो. प्रत्यक्षात ते कडुनिंबाच्या कुळातील झाड आहे, आणि आपल्याकडील तून त्याचा जवळचा नातलग.

या दोन मुरण्यांच्या मधोमध वळणाऱ्याचा हात येतो. आतली पाने कशी दुमडली, लिखेरो मधोमध बसले की कडेला सरकले, गाठ किती घट्ट झाली, यावर धूर किती मोकळा येणार हे ठरते, आणि धूर कमी आला की सर्वोत्तम पानही कडू लागते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागणी भडकल्यावर उत्पादन घाईने वाढवले गेले, आणि त्या काळच्या अनेक हवाना सिगार ओढायला घट्ट म्हणून बदनाम झाल्या; पुढे कारखान्यांत ओढ तपासणारी यंत्रे आली. अशी घट्ट गाठ दहा वर्षे ठेवली तरी सुटत नाही. हा वळणीचा दोष आहे, आणि त्यावर ‘अजून मुरायची आहे’ हा उपाय सांगणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग ताज्या सिगारमध्ये गोठ्यासारखा जो उग्र वास कधी कधी येतो, तो कशाचा? वळण्यापूर्वी पाने मऊ पडावीत म्हणून त्यांना ओलावा देतात. त्या ओलाव्याने शांत झालेली आंबवण थोडी पुन्हा जागी होते आणि उरलेला अमोनिया सुटू लागतो. म्हणूनच कारखान्यातही वळलेल्या सिगार पेटीत भरण्यापूर्वी थंड खोलीत विसावू देतात. हा वास काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात ओसरला, तर तो केवळ ताजेपणाचा होता असे समजावे. हिरव्या गवतासारखी तुरट चव मात्र पुढची वर्षे टिकून राहिली, तर पान मुळातच पुरेसे आंबले नव्हते. पेटीतील काळ आंबवणीची उणीव भरून काढत नाही; जे नीट आंबले आहे त्यालाच तो गोलाई देतो. सेरी डी नंबर ४ मध्ये ही गोलाई पाच-सहा वर्षांनी ठळकपणे जाणवते: मिऱ्याचा चटका मागे सरतो, कातडे आणि कोको पुढे येतात, धूर रेशमी होतो. त्यापुढे फार थांबल्यास जोरही जातो, आणि ज्या गुणासाठी ती आवडती झाली तोच हातातून निसटतो. धूर मऊ झाला म्हणजे तंबाखूचा अपाय कमी झाला, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

पेटीच्या तळाशी कारखान्याची सांकेतिक अक्षरे आणि महिना-वर्ष यांचा शिक्का असतो. ती तारीख पेटी भरल्याची असते, पिकाची नव्हे. आतले लिखेरो त्याहून दोन-तीन वर्षे आधीचे असू शकते. आणखी सावध व्हावे लागते ते फार जुनी पेटी आणि नवी पेटी शेजारी ठेवून पाहताना. १९७९-८० च्या सुमारास निळ्या बुरशीने क्युबाचे पीक उद्ध्वस्त केले, आणि त्यानंतर रोगाला न जुमानणाऱ्या वाणांचा शोध सुरू होऊन १९९० च्या दशकाच्या अखेरीस कोरोहो या जुन्या वाणाची जागा नव्या वाणांनी घेतली. म्हणजे १९९० ची पेटी आणि २०१० ची पेटी यांत वयाच्या फरकासोबत बियाण्याचाही फरक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतील हजारो सुकवणी-कोठारे पाडली. त्यानंतरच्या पेट्यांची चव पारखतानाही हे ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ मुरण्याचा परिणाम पाहायचा असेल, तर एकाच शिक्क्याची पेटी घेऊन तिच्यातील एकेक सिगार वर्षागणिक ओढणे, एवढाच प्रामाणिक मार्ग आहे.

अर्थात त्यासाठी ती नीट ठेवता आली पाहिजे. १६ ते १८ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता ही मुरण्याची हवा. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात उघड्या कपाटात ठेवलेल्या पेटीला मिळते ती ऊब आणि ओल, म्हणजे ढिगातल्या आंबवणीची हवा. तिथे अमोनिया पुन्हा डोके वर काढतो, वेष्टनाचे पान फुगून फाटते, बुरशी धरते, आणि पानातच अंडी घातलेला तंबाखूचा भुंगेरा बाहेर पडून टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडतो.