‘काय म्हटलंय?’ आणि ‘आज लागू आहे का?’

समलैंगिकतेवरच्या ख्रिस्ती वादात दोन प्रश्नांची हमखास गल्लत होते. बायबलच्या वचनात नेमकं काय म्हटलंय, हा एक. जे म्हटलंय ते आज कुणाला, कसं लागू करायचं, हा दुसरा. एकाने पहिला विचारावा आणि दुसऱ्याने दुसऱ्याचं उत्तर द्यावं, असं वर्षानुवर्षं चाललंय.

पहिला प्रश्न भाषेचा. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या पापी लोकांच्या यादीतला (१ करिंथ ६:९) ‘आर्सेनोकोइताई’ हा ग्रीक शब्द घ्या. उपलब्ध ग्रीक साहित्यात तो पौलाच्या आधी सापडत नाही. ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ हे त्याचे दोन घटक, आणि पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवायला मनाई करणाऱ्या जुन्या करारातल्या लेवीय २०:१३ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दोन्ही शब्द एकत्र येतात. म्हणून परंपरावादी म्हणतात, पौलाच्या मनात लेवीयच होतं. दुसरी बाजू म्हणते, जोडशब्दाचा अर्थ घटकांच्या बेरजेवरून ठरत नाही. पुढच्या काळातल्या काही याद्यांत तो आर्थिक पिळवणुकीच्या पापांशेजारी येतो. १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या इंग्रजी भाषांतराने तो आणि शेजारचा ‘मालाकोई’ (शब्दशः ‘मऊ’) मिळून ‘होमोसेक्शुअल्स’ हा एकच शब्द ठेवला. १९७१ मध्ये तो बदलावा लागला. इथवर भांडण शब्दकोशाचं.

दुसऱ्या प्रश्नाला शब्दकोश पुरत नाही. सुंतेची आज्ञा उत्पत्ती १७ मध्ये अगदी स्पष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये १५ मधल्या, पहिल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या यरुशलेमच्या सभेत तिचा कुणी वेगळा अर्थ काढला नाही. परराष्ट्रीयांनाही, म्हणजे यहुदी नसलेल्यांनाही, पवित्र आत्मा मिळाला, अशी साक्ष प्रेषित पेत्राने दिली आणि त्यांच्यावर सुंतेची सक्ती नको असं ठरलं. समलैंगिकांना सामावून घेणाऱ्या, म्हणजे समावेशक, मंडळ्यांचा हा आवडता दाखला. पण त्याच सभेने जारकर्मापासून (अनैतिक लैंगिक संबंधांपासून) दूर राहायलाही सांगितलं, हे परंपरावाद्यांचं उत्तर मला वजनदार वाटतं. (मग जारकर्मात काय काय येतं? झालं, परत पहिला प्रश्न.)

अमेरिकन अभ्यासक रिचर्ड हेज यांनी १९९६ मध्ये समलैंगिक संबंधांविरुद्ध लिहिलं होतं. २०२४ मध्ये जुन्या कराराचा अभ्यासक असलेला मुलगा ख्रिस्तोफर याच्यासोबत त्यांनी समावेशाची बाजू घेतली. गंमत म्हणजे त्या मोजक्या वचनांचा अर्थ त्यांनी बदललाच नाही. देवाची करुणा शास्त्रभर विस्तारत जाते, एवढाच त्यांचा आधार. ‘पण त्या वचनांचं काय?’ असं टीकाकार विचारत राहिले.