गिटार इलेक्ट्रिक असली तरी मान लाकडाचीच

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथून सतार आणणाऱ्याला ती ओलीपासून जपायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. इलेक्ट्रिक गिटार मात्र यंत्र समजून ऐन जुलैत ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवली जाते. हे मला फार खटकतं, कारण तिची मानही, म्हणजे ज्यावर तारा दाबतात तो लांब दांडा, लाकडाचीच असते.

लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि फुगतं. पण फुगतं ते आडवं; त्याच्या रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच लाकूड आकसतं. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, आकसत नाहीत, म्हणून एप्रिलमध्ये मानेच्या कडेला त्यांची टोकं हाताला टोचू लागतात. पावसाळ्यात मानेचा बाक बदलतो आणि तारा एकतर उंच वाटतात, नाहीतर फ्रेटवर खरखरतात. सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो असतो. त्याला तोलायला मानेच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई बसवलेली असते. ती फिरवायचीच झाली तर एका वेळी पाव फेरा, मग सूर लावून पुन्हा पाहणं. जोर लावावा लागत असेल, तर तिथेच थांबून कारागिराकडे जावं.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला की सरकवता येतात. गिटारचे फ्रेट पक्के ठोकलेले. त्यामुळे सुरांचं गणित ब्रिजवर, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात तिथे, जुळवावं लागतं. बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर एकच हवा. दाबलेला चढा लागला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकणारा तुकडा, मागे घेऊन तार लांबवायची. मात्र आधी तारा नव्या असाव्यात. तारेची कंपनसंख्या तिच्या वजनावरही ठरते. घाम-मळ कुठे जास्त, कुठे कमी साचला की जुनी तार कितीही जुळवा, बेसूरच राहते. घामातलं मीठ पोलाद गंजवतं ते वेगळंच. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार खालून-वरून सुती फडक्याने पुसणं, ही माझ्या मते सगळ्या देखभालीतली सर्वांत मोलाची दोन मिनिटं.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज उपजते. हे तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. म्हणूनच फ्रेट घासायला स्टील वूल (बारीक पोलादी तंतूंचा बोळा) वापरताना पिकअप आधी चिकटपट्टीने झाकावेत. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की सहजी निघत नाही.

आवाजाचं बटण फिरवताना करकर झाली तर बहुतेकदा आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ साचलेली असते. इलेक्ट्रॉनिक दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून बटण वीसेक वेळा फिरवावं. कुलपात मारायचं तेल तिथे नको, त्यावर आणखी धूळ बसते.

फ्रेट जिच्यात ठोकलेले असतात ती मानेवरची लाकडी पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड. तो रोझवूडचा असेल तर त्याला वर्षातून एक-दोनदा तेलाचे थेंब पुरतात. लॅकरचा चकचकीत थर दिलेल्या मेपल लाकडाला तेल लावूच नये. आणि पावसाळ्यात गिटार केसमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. जेल भरून आलं की पुड्या बदलाव्यात.