अकाली स्मृतिभ्रंश

वयाच्या ६५ व्या वर्षाआधी सुरू होणाऱ्या आणि स्मरण, भाषा, अवकाशबोध, निर्णयशक्ती किंवा वर्तन यांचा क्रमाक्रमाने ऱ्हास घडवणाऱ्या मेंदूविकारांना ही संज्ञा लावतात. हा एकच रोग नव्हे. अल्झायमर रोग, मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांचा ऱ्हास, रक्तवाहिन्यांचे विकार, दीर्घकाळचे मद्यपान व डोक्यास वारंवार झालेली इजा ही त्याची प्रमुख कारणे होत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणानुसार ३० ते ६४ या वयोगटात दर लाखामागे सुमारे ११९ जणांना तो असतो. भारताबाबत नेहमी दिला जाणारा ७.४ टक्के हा आकडा ६० वर्षे व त्यापुढील व्यक्तींचा असल्याने नोकरीधंद्यात असलेला रुग्ण त्यात मोजलाच जात नाही.

६५ या सीमेला जीवशास्त्रीय आधार नाही; पाश्चात्त्य देशांतील निवृत्तीच्या वयावरून ती रूढ झाली. महाराष्ट्र शासनाच्या बहुसंख्य सेवांत निवृत्ती ५८ व्या वर्षी होते, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील लेथवाल्याला किंवा हुपरीच्या चांदी कारागिराला हात चालतात तोवर निवृत्तीच नसते. त्यामुळे येथील रुग्णाचा विचार करताना ‘त्याच्यावर घर चालते काय’ हा प्रश्न वयाच्या आकड्याहून अधिक उपयोगी पडतो.

रोगाच्या शोधाचा इतिहास या संदर्भात महत्त्वाचा आहे. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीस अलोइस अल्झायमर यांनी तपासले. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूत आढळलेले थर व तंतूंचे गुंते त्यांनी त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्युबिंगेन येथे मांडले. अल्झायमर पुढे ज्यांच्या म्युनिक येथील प्रयोगशाळेत काम करत होते त्या मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यग्रंथात रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले, परंतु त्यामागील हेतूविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रागमध्ये मनोविकारतज्ज्ञ आर्नोल्ड पिक यांच्या वर्तुळातील ओस्कर फिशर यांनी १९०७ मध्येच असे थर अनेक मेंदूंत दाखवले असल्याने म्युनिकच्या प्रयोगशाळेचे श्रेय राखण्यासाठी ही घाई झाली, असे काहींचे मत आहे. कमी वयात सुरू होणारा हा रोग वार्धक्यातील ऱ्हासाहून खरोखर वेगळा आहे अशी क्रेपेलिन यांची धारणा होती, असे इतर मानतात. या रोगाचा वैद्यकीय अर्थ अद्याप अस्पष्ट असल्याचे क्रेपेलिन यांनी स्वतःच लिहिले होते, आणि केवळ श्रेयासाठी घाई करणाऱ्याने अशी कबुली दिली नसती, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डेटर यांच्या तपासणीची हरवलेली नोंदवही १९९५ मध्ये सापडली. त्यांच्या मेंदूच्या जतन केलेल्या नमुन्यात जनुकीय दोष असल्याचे २०१३ मध्ये सांगण्यात आले, पण २०१४ च्या दुसऱ्या तपासणीत तो आढळला नाही. त्यामुळे त्यांचा रोग आनुवंशिक होता असे ठामपणे म्हणता येत नाही. १९१० नंतर सुमारे सहा दशके अल्झायमर रोग हे नाव मुख्यतः कमी वयाच्या रुग्णांपुरतेच राहिले. १९७६ मध्ये अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी वृद्धांचा स्मृतिभ्रंशही बहुतांशी हाच रोग असल्याचे आग्रहाने मांडले, त्यातून संशोधनाला मोठी चालना मिळाली आणि त्याचबरोबर तो म्हातारपणाचा आजार ही समजूत घट्ट झाली. ज्या वयात तो प्रथम ओळखला गेला, त्या वयाचे रुग्ण त्यामुळे मागे पडले, ही खेदाची गोष्ट होय.

कमी वयातील रोगात विसरणे हे पहिले लक्षण असेलच असे नाही. मेंदूच्या मागील भागाचा ऱ्हास झालेल्या कामगाराला डोळे चांगले असूनही मायक्रोमीटरवरच्या रेघा लागत नाहीत, ड्रॉईंगमधले माप जॉबवर उतरत नाही, रिजेक्शन वाढते आणि तो चष्मा बदलत राहतो. पुढील भागाच्या ऱ्हासात हिशेबाला चोख असलेला माणूस उधळ्या, तुसडा किंवा बेफिकीर होतो; घरचे त्याला व्यसन किंवा भानगड समजतात, मालक कामचुकारपणा. उलट, हातात मुरलेले कसब अल्झायमर रोगात पुष्कळ काळ टिकते. चांदीची जोडणी करणारा कारागीर सवयीचा टाका सफाईने लावतो, पण कोणत्या व्यापाऱ्याची किती चांदी आपल्याकडे आली आणि किती परत गेली, हे त्याला सांगता येत नाही. अशा वेळी वजनाची वही भावाने किंवा मुलाने सांभाळली आणि काम एकाच नमुन्याचे ठेवले, तर तो काही काळ कमावता राहू शकतो.

निदानापूर्वी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, मेंदूवरील आवरणाखालील रक्तस्राव यांसारखी बरी होऊ शकणारी कारणे तपासून वगळावी लागतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटीन ही औषधे अल्झायमर रोगात लक्षणे काही प्रमाणात आवरतात. ऱ्हास थांबवत नाहीत. थेट आनुवंशिक प्रकार थोडे असून त्यांत प्रत्येक अपत्यास दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत स्मृतिभ्रंशाचे नाव नाही. तथापि मानसिक आजाराच्या तेथील व्याख्येत स्मरण व स्थलकालभान यांचे गंभीर विकार येतात. कलम २० (४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेस काढता किंवा पदावनत करता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे पद, आणि तेही नसल्यास अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेर खास निर्माण केलेले) पद द्यावे लागते. महापालिकेचा लिपिक किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षक यांना हे संरक्षण आहे, म्हणून निदान होण्यापूर्वी घाबरून राजीनामा देणे फार नुकसानीचे ठरते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या खासगी फाउंड्रीतील कामगारास ते लागू नाही. भविष्य निर्वाह निधीचा सभासद असल्यास, नोकरीत असतानाच कायमची व संपूर्ण अक्षमता आल्यावर त्याला १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेखाली निवृत्तिवेतन मिळू शकते; त्यासाठी एका महिन्याचे अंशदानही पुरते. स्वतंत्र कारागिराला यातले काहीच नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार समज शाबूत असताना उपचारांविषयी पूर्वनिर्देश लिहून ठेवता येतो व प्रतिनिधी नेमता येतो. बँक खाते, कर्ज वा जमीन यांच्या व्यवहारांना हा प्रतिनिधी पुरत नाही. त्यासाठी पत्नीस किंवा मुलास पालक नेमावे म्हणून उच्च न्यायालयात याचिका करण्याची वेळ येते आणि त्याकरिता पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागल्याने कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील कुटुंबांची ती फेरी वाचली आहे.