मुलासाठी मायक्रोस्कोप: खालनं उजेड की वरनं?

सहा-सात वर्षांच्या मुलाला मायक्रोस्कोप घ्यावा का, असं आमच्या भागातले पालक विचारतात तेव्हा मी आधी त्यांनाच विचारतो, कुठला? कारण या एका नावाखाली दोन निराळी यंत्रं विकली जातात. एक कंपाउंड, दुसरं स्टिरिओ. दोन्हींत भिंगं असतात, दोन्हींत वाकून बघायचं असतं, आणि जाहिरातीतल्या फोटोत दोन्ही सारखीच भारदस्त दिसतात. पण लहान मुलाच्या हातात स्टिरिओ वर्षानुवर्षं चालतो, आणि कंपाउंड बहुतेक घरांत थोड्याच दिवसांत माळ्यावर जातो. खरेदी मात्र कंपाउंडचीच होते. मला हे मनापासून खटकतं, कारण माळ्यावर त्या यंत्राबरोबर मुलाची हौसही जाते.

कंपाउंड म्हणजे आपण हायस्कुलात बघितलेला. एक नळी, तिच्या खालच्या टोकाला तीन-चार भिंगांची फिरती चकती, मध्ये काचपट्टी ठेवायचा मंच आणि मंचाखाली आरसा किंवा बल्ब. डोळ्याजवळचं भिंग साधारण दहा पटीचं, खालची चार, दहा आणि चाळीस पटींची. म्हणजे एकूण ४०, १०० आणि ४०० पट. स्टिरिओ बघायचा असेल तर बेळगावात कुठल्याही चांगल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात डोकवा. कारागीर दोन्ही डोळे लावून खाली बघतोय आणि भिंगाखालच्या मोकळ्या जागेत त्याचे हात चाललेत, ते यंत्र स्टिरिओ. त्यात दोन डोळ्यांना दोन स्वतंत्र वाटांनी प्रतिमा मिळते, म्हणून वस्तू खोलीसकट, उठावदार दिसते. त्याची पट कमी असते, १० ते ४०. घरी वापरायच्या साध्या यंत्रात बहुधा २०.

२० आणि ४०० हे आकडे शेजारी बघितले की पालकांचा हात ४०० कडं जातो. खरा फरक उजेडाचा आहे. कंपाउंडमध्ये उजेड खालनं येतो आणि वस्तूच्या आरपार जाऊन डोळ्यात पोचतो. त्यामुळं वस्तू इतकी पातळ हवी की तिच्यातनं उजेड जावा: कांद्याचा पापुद्रा, पाण्याचा थेंब, गालाच्या आतलं खरवडलेलं. मुंगी ठेवली तर काळी सावली दिसते. दगड, बी, नाणं ठेवलं तर तेही नाही, नुसता अंधार. स्टिरिओमध्ये उजेड वरनं पडतो आणि वस्तूवरनं परत येतो, जसं आपण रोज सगळं बघतो तसंच. म्हणून त्यात काहीही ठेवता येतं, काही तयारी लागत नाही.

आता लहान मूल खिशात काय घेऊन येतं ते आठवा. डोंगळा, पीस, खडा, वाळकी शेंग, मेलेली गांधीलमाशी. ही सगळी वरनं उजेड पाडून बघायची दौलत आहे. आमच्या सीमाभागात तर तिला तोटाच नाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीवर येणारा लाल मखमली किडा २० पटीत ठेवा. अंगावरचे ते मखमली केस एकेक सुटे दिसतात. वांग्याच्या पानाची खालची बाजू बघा, तिथं चांदणीच्या आकाराची लव असते. खानापूरची तांबडी माती आणि चिकोडीकडची काळी माती शेजारी-शेजारी चिमूटभर ठेवा. बेळगावच्या शहापूर-वडगावात विणकराचं घर असेल तर जरीचा एक तुकडा घ्या: धाग्याभोवती गुंडाळलेली चकचकीत पट्टी पोराला स्पष्ट दिसते आणि घरचं काम त्याला नव्यानं कळतं.

खानापूर तालुक्यातल्या एका नातेवाइकांकडं बासमतीच्या पोत्यातला सोंडकिडा आम्ही असाच ठेवला होता. जेमतेम तीन मिलिमीटरचा प्राणी. पहिलीतल्या मुलीनं डोळे लावले आणि ओरडली, "आज्जी, ह्याला हत्तीगत सोंड हाय, आणि सोंडंवर मिशा!" आज्जी म्हणाल्या, "होय की, म्हणून तर सोंडे म्हणतोय आपण." मग त्यांनी चष्मा काढून स्वतः बघितलं आणि बराच वेळ जागा सोडली नाही. पुढं त्या मुलीनं किड्याचं चित्र काढलं, सोंडेवरच्या मिशांसकट. कंपाउंडखाली हा किडा म्हणजे एक काळा ठिपका झाला असता.

हाताच्या दृष्टीनंही दोन्हींत मोठा फरक आहे. स्टिरिओत वस्तू आणि भिंग यांच्यात काही सेंटीमीटर मोकळी जागा असते. मूल काडीनं किडा उलटवू शकतं, शेंग उकलू शकतं, आणि वस्तू उजवीकडं सरकवली की प्रतिमाही उजवीकडंच जाते. कंपाउंडमध्ये प्रतिमा उलटी असते. काचपट्टी डावीकडं सारली की दिसणारं उजवीकडं पळतं. ४०० पटीवर भिंग काचेपासून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर येतं, आणि दिसणारा गोल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. जाडजूड चाकाला किंचित जास्त पीळ बसला की भिंग खालच्या काचेवर टेकतं आणि ती तडकते. काचपट्टीवरच्या वस्तूवर ठेवायची झाकण-काच तर कागदाइतकी पातळ, मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी. तुटली की तिचा कपचा बोटात जातो आणि शोधून सापडत नाही. सहा वर्षांच्या बोटांसाठी हे काम नाही, मूल कितीही हुशार असलं तरी.

डोळ्याचंही तेच. एका डोळ्यानं बघत राहणं लहान मुलांना अवघड जातं; ती दोन्ही डोळे मिटतात, किंवा नळीला एक डोळा लावतात आणि दुसऱ्यानं बघतात. घरी पारख करायची असेल तर वर्तमानपत्राची सुरळी द्या आणि समोरच्या झाडावरचं एखादं फळ बघायला सांगा. प्रत्येक वेळी तोच डोळा लावून, न चाचपडता फळ सापडलं तर एका डोळ्याचं यंत्र चालेल. स्टिरिओलाही एक अट आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. त्याच्या दोन नळ्या जवळ आणल्या तरी साध्या यंत्रात सहसा ५५ मिलिमीटरच्या आसपास थांबतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असू शकतं. मग त्याला दोन गोल वेगवेगळे दिसतात आणि ते कंटाळतं. म्हणून घेण्याआधी मुलालाच बसवून बघायला लावा.

आता खोक्यावरच्या १२०० या आकड्याबद्दल. प्लास्टिकचा कंपाउंड स्वस्तात मिळतो आणि त्यावर हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. पट वाढवणं सोपं आहे, तपशील वाढवणं अवघड. जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसावेत यासाठी भिंगानं वस्तूकडनं येणारा उजेड रुंद कोनातनं गोळा करावा लागतो. शिवाय उजेडाच्या लाटेची लांबीच अशी आहे की उत्तम भिंगालाही मिलिमीटरच्या सुमारे पाचहजाराव्या भागाखालचं वेगळं करता येत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेतलं यंत्रसुद्धा भिंग आणि काच यांच्यात तेलाचा थेंब घालून १००० पटीच्या आसपास थांबतं. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या भिंगाचे १२०० म्हणजे मोठा केलेला धुरकटपणा. मुलाला त्यात काही दिसत नाही, आणि आपल्यालाच बघता येत नाही असं त्याला वाटतं. यातलं हे दुसरं नुकसान जास्त मोठं आहे.

"पण आमच्या बाळूला जंतू बघायचेत," असं बरेच जण सांगतात. दह्यातले जिवाणू साधारण हजारांश मिलिमीटर रुंदीचे असतात. ४०० पटीत, रंग न देता, सवय नसलेल्या डोळ्याला ते ओळखूही येत नाहीत. बहुतेक विषाणू तर उजेडाच्या कुठल्याच मायक्रोस्कोपात दिसत नाहीत. त्याऐवजी पिंपातल्या पाण्यातली डासाची अळी पांढऱ्या बशीत घेऊन २० पटीत दाखवा. शेपटीकडची श्वासनळी पाण्याला टेकवून खाली डोकं करून लटकणारी अळी डेंग्यूच्या डासाच्या कुळातली असू शकते. पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगणारी मलेरियाच्या डासाच्या जातीची. हे बघितलेलं मूल पिंपावर झाकण घालायला घरातल्यांना स्वतः सांगतं. बघून झालं की ते पाणी कोरड्या मातीत ओता.

मग कंपाउंड कधी? मुलाचे प्रश्न आत शिरू लागतात तेव्हा. पानाला केस आहेत इथपर्यंत स्टिरिओ नेतो. केस कशाचा बनलाय, हे विचारायला लागलं की पुढचं यंत्र. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर, शेजारी मोठं माणूस बसणार असेल तर, धातूच्या सांगाड्याचा आणि काचेच्या भिंगांचा शालेय कंपाउंड घ्या. ४०० पट पुरे. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडिनचा थेंब टाकला की १०० पटीतच पेशींच्या विटा आणि त्यांतली केंद्रकं दिसतात. वाळकं गवत पाण्यात चार-पाच दिवस ठेवलं की त्या पाण्याच्या थेंबात एका पेशीचे बारीक जीव पळताना सापडतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकनं १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापातले कप्पे छापून दाखवले, ते बघायला हेच यंत्र लागतं. त्याच काळातला लेवेनहूक मात्र नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी. त्यानं एकाच बारीक भिंगातनं पाण्यातले जीव शोधले.

त्या एका भिंगाच्या वाटेनं जाणारं आजचं साधन म्हणजे फोल्डस्कोप. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेलं, कागदाची घडी घालून बनणारं. २०१४ पासून ते जगभर माहीत झालं. त्याची पट १४० आणि किंमत परवडणारी. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक देता येईल असं हे साधन मला फार मोलाचं वाटतं. पण त्यातही उजेड आरपार यावा लागतो, एक डोळा अगदी भिडवावा लागतो आणि अंगठ्यानं हळू सरकवावं लागतं. म्हणजे स्वभावानं ते कंपाउंडच्या बाजूचं, पाचवी-सहावीच्या पोरांचं.

संगणकाला किंवा मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा-मायक्रोस्कोप स्टिरिओच्या बाजूला येतो, कारण उजेड वरनं पडतो. खोली दिसत नाही, पण चार भावंडं एकदम बघू शकतात. त्याच्या खोक्यावरचा १००० हा आकडाही सोडून द्या.

पाच वर्षांखालच्या मुलाला यांतलं काहीच नको. तीन ते पाच पटीचं मोठ्या तोंडाचं भिंग आणि झाकणाला भोकं पाडलेली पारदर्शक बरणी द्या. भिंग घेऊन ते पाच मिनिटं एका जागी बसत असेल, "अजून मोठं" मागत असेल, तर स्टिरिओची वेळ जवळ आली.

दोन गोष्टी मुलाला पहिल्याच दिवशी बजावा. आरसा किंवा भिंग सूर्याकडं कधीच धरायचं नाही. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि निपाणीच्या बाजूला शेतात हिरवा तंबाखू असतो, त्याच्या पानावरचे चिकट थेंब २० पटीत फार सुंदर दिसतात, पण पान मोठ्यांनीच आणून ठेवावं. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतनं अंगात जातं.

खरेदीला जाताना खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा. दुकानदारानं दाखवलेल्या यंत्राखाली ते ठेवून बघायला मागा. नाण्यावरचे ओरखडे आणि अक्षरांचे कंगोरे सरळ, उठावदार दिसले तर तो स्टिरिओ. नुसतं काळं दिसलं तर कंपाउंड, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. साधा चांगला स्टिरिओ काही हजारांत येतो, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून घेतला तरी चालतो.

घरी आणल्यावर जपायचं ते पावसाळ्यात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात भिंगावर बुरशी धरते आणि काचेवर तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग कायमचे राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. वारा लागेल अशा फळीवर, वरनं सुती कापड टाकून, जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दमट झाल्या की बदला. भिंग पुसायच्या आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा. पदरानं किंवा शर्टानं पुसलं तर तीच धूळ काचेवर चरे पाडते.