कोकणातील लाकडी नौकाबांधणी: पार्श्वभूमी

कोकणात लाकडी होडी बांधणारे सुतार कमी होत चालले, हा विषय पुण्यात निघाला की गाडी लगेच १७५६ वर येते. पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने कोकण किनाऱ्यावरचे मराठा आरमारप्रमुख आंग्रे यांचे आरमार संपवले आणि तिथेच ही विद्या बुडाली, असे बोलले जाते. 

आंग्रे पेशव्यांच्या दरबाराला जुमानत नव्हते, म्हणून १७५५ मध्ये पुण्याने मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग किल्ला पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज जहाजे आंग्र्यांच्या विजयदुर्ग किल्ल्यासमोर आली. तोफांच्या माऱ्यात बंदरातल्या एका जहाजाने पेट घेतला (हे आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच धरलेले) आणि दाटीने नांगरलेल्या गुराबा-गलबतांपर्यंत (शिडाच्या लढाऊ जहाजांपर्यंत) आग पसरली. म्हणजे आरमाराची राख झाली ती लढाईच्या धामधुमीत. तरीही आपल्या किनाऱ्यावर परके आरमार बोलावण्याचा निर्णय पुण्याचाच, त्यातून सुटका नाही. किल्ल्यात इंग्रज आधी शिरले. तो ताब्यात मिळावा म्हणून पुण्याला ऑक्टोबरच्या तहात बाणकोट आणि भोवतालची गावे इंग्रजांच्या पदरात टाकावी लागली. सौदा महागात पडला, एवढे तरी मान्य व्हावे.

सुतारांचे हात मात्र त्या आगीत जळले नाहीत. पुढे पेशव्यांचे आरमारी सुभेदार विजयदुर्गावरच होते आणि १७८३ मध्ये त्या आरमाराने रत्नागिरीजवळ इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. १८१८ नंतर लढाऊ गलबते संपली, तरी पडाव आणि मचवे या मालवाहू होड्या राहिल्या. मंगळुरी कौले, नारळ, लाकूड मुंबईकडे जायचे ते शिडावरच. आगबोटींनी उतारू नेले, मग रस्ते झाले आणि मालही ट्रकमध्ये चढला. खाड्या गाळाने उथळ होत गेल्या.

स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसू लागली. शीड गेले, पण सुतारांना उलट काम वाढले. इंजिनाचा हादरा सोसेल असा भक्कम सांगाडा हवा होता, ट्रॉलर (जाळे ओढत मासे धरणाऱ्या बोटी) आकाराने मोठे होते. कागदावर नकाशा न काढता, नजरेच्या मापाने बांधायची पद्धत त्यातही टिकली. सांगाड्याच्या वाकड्या फासळ्यांसाठी मुळात वाकडे वाढलेलेच खोड निवडले जाई.

खरा घाव फायबरच्या होड्यांचा. साचा एकदा तयार झाला की त्यातून एकामागून एक होड्या निघतात. सागवान महागले, झाड तोडायला आणि लाकूड वाहून न्यायला परवाने लागतात. लाकडी होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारावी लागते, सांधे कापसाने नव्याने भरावे लागतात, तेल चोपडावे लागते. फायबरला यातले फारसे काही लागत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुताराकडे कामाची रांग असे, ती यामुळे आटली. सवलती आणि कर्जे इंजिन, डिझेल, मोठ्या बोटींभोवती फिरली. ही विद्या शिकणाऱ्या पोरांसाठी कोणी तितका विचार केल्याचे दिसत नाही.

अनेक मालक आता जुन्या लाकडी होडीवरच फायबरचा थर चढवून घेतात. त्याआधी कुजलेली फळी बदलण्यापुरते सुताराला बोलावणे येते.